देवाची इच्छा की आपली झोप?

‘देवाची इच्छा होती, आपण काय करणार?’ हे वाक्य धर्मगुरू म्हणून मी आजवर किती वेळा उच्चारले असेल याची मोजदाद नाही. मयताच्या घरी, अपघातानंतर, कर्करोग्याच्या खाटेपाशी. आणि विशेषेकरून ज्या घरात मूल जन्मले पण रडले नाही, अशा घरी. वाक्य सोयीचे आहे. ऐकणारा मान खाली घालतो, बोलणारा चहाचा कप खाली ठेवून उठतो. हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे. ते मी स्वतः वापरलेले असल्यामुळे त्याच्याविरुद्ध फिर्याद मांडण्याचा अधिकार मला इतरांपेक्षा थोडा अधिक आहे, असे मी समजतो.

अकरा वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. पहाटे साडेचारच्या सुमारास दाराची घंटा वाजली. दारात एक तरुण बाप उभा होता. शर्टाची बटणे खालीवर लागलेली, पायांत चपला नव्हत्या. म्हणाला, ‘फादर, बाळाला बाप्तिस्मा द्यायला चला. डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही.’ आम्ही निघालो. वाटेत त्याने जे सांगितले ते असे: बायको पहिलटकरीण. संध्याकाळपासून कळा चालू. रात्री दहाला सलाइनमधून कळांचे इंजेक्शन चढवले गेले. साडेअकराला नर्सने बाळाचे ठोके ऐकले, ‘सगळे ठीक आहे’ म्हणाली. त्यानंतर तीन वाजेपर्यंत कोणी आले नाही. सासूने दोनदा जाऊन हाक मारली. ‘पहिली वेळ आहे, एवढा त्रास व्हायचाच’ असे उत्तर आले. तीन वाजता डॉक्टरांना घरून बोलावले. मूल जन्मले ते पांढरे फटक, चिंधीसारखे लोळागोळा. रडले नाही. श्वास देण्याची पिशवी आणि मास्क त्या प्रसूतिगृहात होता; पण तो कपाटात होता, आणि कपाटाची किल्ली दिवसपाळीच्या सिस्टरकडे होती.

मोठ्या रुग्णालयाच्या नवजात विभागात काचेच्या पेटीत हात घालून, डिस्टिल्ड वॉटरच्या छोट्या बाटलीतले चार थेंब कपाळावर ओतून, मी त्या मुलाला बाप्तिस्मा दिला. सकाळपर्यंत त्याला आकडी येऊ लागली. आठव्या दिवशी मी आईला भेटायला गेलो आणि सवयीने ते वाक्य बोललो. ती बारावी शिकलेली, शांत स्वभावाची मुलगी. आवाज न चढवता ती म्हणाली, ‘फादर, रात्री दोन वाजता ती सिस्टर ठोके ऐकायला उठली असती, तर तीपण देवाचीच इच्छा झाली असती ना? मग देवाने तिला झोपवायचंच ठरवलं होतं का?’

माझ्याकडे उत्तर नव्हते. सेमिनरीत आम्हाला दुःखाच्या समस्येवर एक अख्खे सत्र शिकवले होते. परीक्षेत मला चांगले गुणही पडले होते. त्या खोलीत त्यातले एक वाक्यही उपयोगी पडले नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी काय घडते ते नीट समजून घेऊ. कारण आपल्या भाविकतेचा बराचसा भाग अज्ञानावर पोसलेला असतो. गर्भातले मूल फुप्फुसांनी श्वास घेत नाही. वार आणि नाळ हाच त्याचा श्वास. प्रत्येक कळ येते तेव्हा गर्भाशयाचे स्नायू आवळतात, वारेकडे जाणारे रक्त क्षणभर रोखले जाते, आणि कळ ओसरली की पुन्हा वाहू लागते. निरोगी मूल एवढी ओढाताण सहज सोसते. पण नाळ दाबली गेली, ती बाळाच्या आधी खाली घसरली, वार अकाली सुटली, गर्भाशय फाटले किंवा प्रसूती अडून तासन्‌तास रेंगाळली, तर पुरवठा तुटतो. कळांचे इंजेक्शन, म्हणजे ऑक्सिटोसिन, हे औषध वाईट नव्हे. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवून ते आयांचे प्राण वाचवते. परंतु प्रसूती ‘उरकावी’ म्हणून ते बेहिशेबी चढवले, तर एका कळेवर दुसरी कळ येते आणि मधली विश्रांतीच नाहीशी होते. त्या विश्रांतीतच मूल श्वास घेत असते. म्हणूनच हे औषध चालू असताना बाळाचे ठोके वारंवार ऐकणे हा उपकार नसून कर्तव्य आहे. साधारण नियम असा, की प्रसूतीच्या पहिल्या टप्प्यात दर पंधरा ते तीस मिनिटांनी आणि आई जोर देऊ लागली की दर पाच मिनिटांनी ठोके ऐकावेत. मिनिटाला ११० ते १६० ही त्यांची सर्वसाधारण मर्यादा. याला लाखांचे यंत्र लागत नाही. साध्या नळीने किंवा हातातल्या डॉपलरने काम होते. लागतो तो जागा माणूस.

प्राणवायू तुटला की मेंदूच्या पेशींची ऊर्जा काही मिनिटांत संपते, पेशी सुजू लागतात. नंतर श्वास आणि रक्ताभिसरण परत आले तर मेंदू काही वेळ सावरल्यासारखा वाटतो. घरच्यांना वाटते, संकट टळले. पण काही तासांनी नाशाची दुसरी लाट येते: आकडी, गुंगी, दूध ओढण्याची शक्ती नाहीशी होणे. वैद्यकात याला हायपॉक्सिक इस्केमिक एन्सेफॅलोपथी असे लांबलचक नाव आहे. सौम्य प्रकारातली बहुतेक मुले पूर्ण बरी होतात. तीव्र प्रकारातली कित्येक दगावतात. जगलेल्यांपैकी अनेकांना सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे अवयवांवर ताबा नसणे, फेफरे, दृष्टी वा श्रवण यांतील दोष सोबत घेऊन जगावे लागते.

अमेरिकेतील डॉ. व्हर्जिनिया अपगार या भूलतज्ज्ञ बाईंनी १९५२ साली एक साधी गुणपद्धती सुचवली आणि पुढल्या वर्षी ती प्रसिद्ध केली. जन्मानंतर एका मिनिटाने आणि पाच मिनिटांनी बाळाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, चेतना आणि वर्ण या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण द्यायचे. एवढेच. त्या गुणांनी एकट्याने रोगनिदान होत नाही. पण या पद्धतीने एक क्रांती केली: जन्मलेल्या मुलाकडे त्याच मिनिटाला कोणीतरी पाहिलेच पाहिजे, असा दंडक घातला. दहांपैकी साधारण एका बाळाला पहिला श्वास घेण्यासाठी काही ना काही मदत लागते. त्यातल्या बहुतेकांना कोरडे पुसणे, ऊब देणे, पाठ चोळणे एवढे पुरते. थोड्यांना पिशवी-मास्कने श्वास द्यावा लागतो. शंभरात एखाद्यालाच याहून अधिक उपचार लागतात. म्हणून पहिल्या मिनिटाला ‘सुवर्ण मिनिट’ म्हणतात. भारत सरकारने २००९ साली नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू केला तो परिचारिका आणि डॉक्टरांना हेच मिनिट शिकवण्यासाठी. ते सुवर्ण मिनिट आमच्या मुलाच्या बाबतीत कपाटात कुलूपबंद होते.

येथे मला माझ्याच बाजूच्या मंडळींना थांबवायचे आहे. एवढे वाचून काहींच्या मुठी वळल्या असतील. प्रत्येक विकलांग मुलामागे कोणीतरी गुन्हेगार डॉक्टर असतोच, हेही खोटे आहे. लंडनचे अस्थिशल्यविशारद विल्यम जॉन लिटल यांनी १८६१ साली तेथील प्रसूतिशास्त्र मंडळापुढे निबंध वाचला आणि अवघड प्रसूती, अकाली जन्म व श्वासावरोध यांचा मुलांच्या आखडलेल्या अवयवांशी संबंध जोडला. (लिटल स्वतः पायाच्या व्यंगासह वाढलेले होते, वेदनेने शहाणा झालेला वैद्य दुर्मीळच.) पुढे १८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉईडने, मनोविश्लेषणाने प्रसिद्ध होण्याआधी, वेगळीच शंका काढली: अवघड प्रसूती हे कारण नसून गर्भातच आधी घडलेल्या बिघाडाचे लक्षण असू शकेल. आजच्या संशोधनाने दोघांनाही थोडे थोडे खरे ठरवले आहे. सेरेब्रल पाल्सीच्या सर्वच मुलांची इजा प्रसूतीच्या वेळची नसते. अकाली जन्म, गर्भातील संसर्ग, जनुकीय दोष, जन्मानंतरची तीव्र कावीळ, मेंदूज्वर अशी अनेक कारणे असतात. नाळ घसरली वा वार अचानक सुटली, तर जागरूक डॉक्टरही कधी हरतो. डॉक्टरांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राला २०१० साली स्वतंत्र कायदा करावा लागला, ही आपणा सर्वांना लाजिरवाणी गोष्ट आहे.

पण दगड न उचलणे म्हणजे तोंड शिवून बसणे नव्हे. काय घडले हे जाणून घेण्याचा आईबापांना हक्क आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ सालच्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत रुग्णाची कागदपत्रे द्यावी लागतात. माझ्या धर्मग्रामातील किती कुटुंबांनी ती कधी मागितली? मी विचारून पाहिले आहे. जवळजवळ कोणीच नाही. एका आजोबांनी मला सांगितले, ‘फादर, देवाच्या मर्जीची कागदपत्रे कोणाकडे मागायची?’ ते उपरोधाने बोलत नव्हते. तेच माझे पहिले आरोपपत्र आहे: आपले हे वाक्य चौकशी बंद करते. किल्ली कोणाकडे होती, हा प्रश्न विचारला गेला असता तर दुसऱ्या दिवशी ते कपाट उघडे राहिले असते, आणि पुढच्या महिन्यात त्याच टेबलावर जन्मलेले दुसऱ्या कोणाचे मूल रडले असते.

दुसरीकडे आपण यंत्राला देव करतो. बाळाला थंड करण्याच्या उपचाराविषयी हल्ली पुष्कळ ऐकू येते. जन्मानंतर सहा तासांच्या आत सुरुवात करून बाळाचे तापमान ७२ तास साडेतेहतीस अंशांच्या आसपास ठेवायचे. २००५ नंतर श्रीमंत देशांतील चाचण्यांत याचा लाभ सिद्ध झाला. पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील रुग्णालयांत ४०८ बाळांवर झालेल्या ‘हेलिक्स’ चाचणीचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला तेव्हा उलटेच दिसले: मृत्यू वा अपंगत्व कमी झाले नाही, आणि थंड केलेल्या गटात मृत्यू अधिक झाले, ४२ टक्के, न केलेल्या गटात ३१ टक्के. असे का, यावर तज्ज्ञांत वाद आहे. आपल्याकडच्या मुलांची इजा कित्येकदा जन्माच्या पुष्कळ आधी सुरू झालेली असते, असे एक उत्तर दिले जाते. उपचार कोणता करावा हे डॉक्टर ठरवतील, धर्मगुरूने त्यात पडू नये. मला दिसते ते इतकेच, की नंतरच्या यंत्रासाठी मिस्सानंतर झोळी फिरवणारा समाज आधीच्या रात्रीसाठी काहीच करीत नाही.

आणि आधीच्या रात्रीसाठी करता येते, हे याच महाराष्ट्राने जगाला दाखवले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच, बेताचे शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. ३९ गावांत त्या घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊ लागल्या. न रडणाऱ्या बाळाला श्वास देण्याचेही त्या शिकल्या. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याचा अहवाल आला: तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतील नवजात मृत्यू तुलनेने ६२ टक्क्यांनी घटले होते. या स्त्रियांनी ‘देवाची इच्छा’ बदलली काय? की देवाची इच्छा पहिल्यापासून हीच होती, आणि ती पार पाडणारे हात तेवढे हवे होते?

माझे काही धर्मबंधू म्हणतील, फादर, तुम्ही क्रूसच काढून टाकायला निघालात. दुःख स्वीकारणे हे ख्रिस्ती जीवनाचे मर्म नव्हे काय? गेथशेमनी बागेत प्रभूने स्वतःच पित्याच्या इच्छेपुढे मान तुकवली नाही काय? तुकवली, आणि मी त्या रात्रीकडे पुन्हा पुन्हा पाहतो. पित्याच्या इच्छेचा स्वीकार प्रभूने स्वतःच्या मुखाने, स्वतःसाठी, रक्ताचा घाम गाळून केला. दुसरा कोणी त्याच्या उशाशी उभा राहून त्याला ते ऐकवत नव्हता. शिष्यांकडून त्याने शरणागतीचे प्रवचन मागितलेच नव्हते. आपल्यासोबत जागे राहा एवढेच मागितले होते, आणि तेवढेच त्यांच्याच्याने झाले नाही. आई आपल्या दुःखाला देवाची इच्छा म्हणेल, तर तो तिचा विश्वास. मी तिच्यापुढे गुडघे टेकीन. मी तिला ते म्हणून दाखवले, तर तो माझा आळस.

योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभू दोन्ही नाकारतो. तो कारणांच्या चर्चेत न रमता चिखल कालवतो आणि त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो. आपण मात्र दोन हजार वर्षांनंतरही शिष्यांच्याच प्रश्नावर अडलो आहोत. गरोदरपणी ग्रहण पाहिले असेल, नवस फेडायचा राहिला असेल, सुनेच्या माहेरीच काहीतरी असेल. या कुजबुजीत मुलाच्या बापाचे नाव कधीच येत नाही, याची वाचकांनी नोंद घ्यावी. आणि ही कुजबूज रोजरीनंतरच, देवळाच्या पायऱ्यांवरच चालते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८४ साली दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर प्रेषितीय पत्र लिहिले. त्याच्या अखेरीस ते कोणाकडे वळतात? दयाळू शोमरोनी माणसाकडे. म्हणजे जो थांबला, वाकला आणि ज्याने आपल्या खिशातून सरायवाल्याला पैसे दिले त्याच्याकडे. याजक आणि लेवी पुढे निघून गेले. त्यांच्या तोंडी त्या वेळी कोणते वाक्य असेल, याचा अंदाज मी माझ्या अनुभवावरून करू शकतो.

आता एका गोड खोटेपणाबद्दल. अशी मुले म्हणजे देवदूत, असे म्हणण्याची चाल पडली आहे. मीही प्रवचनात म्हटले आहे. पण देवदूताला शौचालय लागत नाही, उतरता रस्ता लागत नाही, शाळेचा प्रवेशही लागत नाही. देवदूत म्हटले की आपली सुटका झाली. त्या मुलाला हात असतात आणि ते आखडू नयेत म्हणून रोज तासभर हालवावे लागतात. घास घशात अडकू नये म्हणून एकेका जेवणाला पाऊण तास लागतो. आईला कंबरदुखी जडते, कारण अकरा वर्षांचा मुलगा उचलणे म्हणजे तांदळाचे पोते उचलणेच आहे, आणि पोते निदान स्थिर असते. वडील रात्रपाळी घेतात, कारण फिजिओथेरपीला दिवसा न्यावे लागते. थोरल्या बहिणीकडे कोणाचेच लक्ष नसते. या सर्वांना ‘तुम्ही किती भाग्यवान, घरात देवदूत आला’ असे सांगून आपण सणाच्या जेवणाला निघून जातो, आणि ते कुटुंब का आले नाही हे विचारीतही नाही.

त्या मुलाला बुद्धी नसतेच, हे आपण आणखी कशावरून ठरवले? मालिनी चिब यांना १९६६ साली जन्माच्या वेळी प्राणवायूच्या अभावामुळे मेंदूला इजा झाली. त्यांची आई मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. मालिनी पुढे पदवीधर झाल्या, परदेशात शिकल्या, आणि एका बोटाने टंकन करीत त्यांनी आपले आत्मकथन लिहिले. ते २०११ साली प्रसिद्ध झाले. आयर्लंडच्या ख्रिस्तोफर नोलन यांची जन्मकथाही अशीच: १९६५ मध्ये प्राणवायूवाचून जन्म, ना बोलता येत ना हात हलवता येत, आई हनुवटी धरून बसे आणि कपाळाला बांधलेल्या काडीने ते टंकयंत्राची एकेक कळ दाबीत. १९८७ साली त्यांच्या आत्मकथनाला व्हिटब्रेड पारितोषिक मिळाले. सगळीच मुले लेखक होणार नाहीत, आणि बुद्धी मंद असलेले मूल देवाला कमी प्रिय असते असेही नव्हे. पण बोलता न येणे म्हणजे न समजणे, हे समीकरण मोडीत काढायला ही दोन नावे पुरेशी आहेत.

हे समीकरण ख्रिस्तसभेच्या दारातही उभे आहे, आणि येथे मला अधिक कठोर व्हावे लागेल. त्या मुलाची आई दोन वर्षांपूर्वी प्रथम ख्रिस्तप्रसादासाठी त्याचे नाव नोंदवायला गेली. त्या धर्मग्रामातल्या धर्मशिक्षण वर्गाने सांगितले, ‘त्याला प्रार्थना पाठ नाहीत, समज नाही, त्याला पापच नाही, मग ख्रिस्तप्रसाद कशाला?’ बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण सातआठ वर्षांच्या शेकडो मुलांना आपण ख्रिस्तशरीर देतो, त्यांपैकी कितींना तत्त्वांतराचा सिद्धांत कळतो? दहावे पायस यांनी १९१० साली लहान मुलांसाठी वेदी खुली केली ती याच कारणाने, की साध्या भाकरीहून ही भाकरी वेगळी आहे एवढे उमजणे मुलाला पुरे. अमेरिकेच्या बिशप परिषदेने १९९५ मध्ये विकलांगांविषयी मार्गदर्शन केले तेव्हा हीच कसोटी ठेवली, आणि ही उमज शब्दांतून नव्हे तर हावभावातून वा आदरयुक्त शांततेतूनही प्रकट होऊ शकते, असे स्पष्ट केले. पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०२० च्या संदेशात विकलांगांचा साक्रामेंतांवरील हक्क पुन्हा अधोरेखित केला. गिळता येत नसेल तर कणभर तुकडा द्यावा. तेही जमत नसेल तर केवळ द्राक्षारसाच्या रूपात देण्याची मुभा कॅनन कायद्याच्या ९२५ व्या कलमात आहेच. हे कलम मला सेमिनरीत शिकवले होते. मी ते विसरलो होतो. त्या आईमुळे पुन्हा उघडून पाहिले.

मी आता वर्गात नव्हे, घरी जातो. तो मुलगा एरवी सतत मान हलवतो, हुंकार भरतो. मी ख्रिस्तप्रसादाची पेटी उघडून मेणबत्ती लावली की तो थांबतो. याला समज म्हणायचे की नाही, हे ज्यांना ठरवायचे आहे त्यांनी एकदा माझ्यासोबत यावे.

वाचकहो, भावना पुरे, आता हिशेब. आपल्या विवाहपूर्व शिबिरात आपण तरुणांना संसाराचे अर्थकारण शिकवतो, सासूशी कसे वागावे हेही शिकवतो. त्यात एक तास प्रसूतीचा का नसावा? एखादी परिचारिका येऊन सांगेल: प्रसूतिगृह निवडताना भिंतीवरच्या टाइल्स पाहू नका. विचारा, रात्रीच्या पाळीला कोण असते? बाळाला पाहायला वेगळे माणूस असते का? पिशवी-मास्क टेबलाशेजारी असतो का, आणि तो वापरण्याचे शिक्षण कोणी घेतले आहे? शस्त्रक्रियेची गरज पडली तर किती मिनिटांत? असे विचारणारा जावई उद्धट ठरत असेल तर ठरू द्या. आपल्या समाजात परिचारिका घरोघरी आहेत. आखातात आणि इंग्लंडात नोकऱ्या करून परतलेल्या आहेत. त्यांना आपण वर्षातून एकदा गुलाबाचे फूल देतो. त्यांच्याकडून शिकत मात्र नाही. जाता जाता, मूल मरणाच्या दारात असेल तर फादरांची वाट पाहण्याची गरज नाही. योग्य हेतूने कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, हेही त्याच तासात सांगून टाकावे. त्या पहाटे बापाने माझ्याकडे धावत येण्यात गेलेला वेळ बायकोजवळ घालवला असता तर बरे झाले असते.

आणि जी मुले आपल्यात आहेत त्यांच्यासाठी? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत सेरेब्रल पाल्सीच्या व्यक्तींना एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण मिळते. हे अर्ज भरून द्यायला रविवारच्या मिस्सानंतर एक टेबल टाकून दोन तरुण बसले, तर त्यात कोणते अवघड काम आहे? धर्मग्रामाचे सभागृह आठवड्यातले पाच दिवस रिकामे असते. तेथे तीन सकाळी फिजिओथेरपिस्ट बोलावता येईल. महिन्यातून एका शनिवारी ही मुले चार तास सांभाळून त्यांच्या आयांना झोपू देता येईल. हो, झोपू, त्या अकरा वर्षे जाग्या आहेत.

हे सगळे मी धर्मग्राम परिषदेपुढे मांडले. एका ज्येष्ठ सभासदाने फार अदबीने विचारले, ‘फादर, अशी मुले आपल्याकडे किती? चारपाच. त्यांच्यासाठी देवळाच्या दर्शनी पायऱ्या फोडून उतार करायचा?’ मी त्यांना सांगितले की मी घरोघर जाऊन मोजले आहे, अकरा आहेत. त्यांतली सात देवळात कधीच आणली गेलेली नाहीत, म्हणून ती चारपाच वाटतात. सभागृह थोडा वेळ शांत झाले. मग कोणीतरी सणाच्या रोषणाईचा विषय काढला.

पुढची बैठक येत्या रविवारी आहे. विषयपत्रिका परवा माझ्या हाती आली. आठवा विषय रोषणाई व बँडच्या कंत्राटाचा आहे. उताराचा आणि सभागृहाचा विषय नववा आहे. मी अध्यक्ष या नात्याने नववा विषय पहिला घेणार आहे, आणि त्या आईला तिच्या मुलासह बैठकीला बोलावले आहे. चाकांची खुर्ची पायऱ्यांवरून वर उचलायला चार माणसे लागतील. ती परिषदेच्या सभासदांपैकीच असावीत, असे मी चिटणिसांना कळवले आहे.